यवतचा डास आणि आफ्रिकेतला विषाणू

वारजेकरांनो, 2006 साली चिकनगुन्याने सगळ्यांचे सांधे धरले होते, आठवतंय? तेव्हा आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) साथीतल्या विषाणूची जनुकं साठ्यातल्या जुन्या विषाणूंशी ताडून पाहिली. 1963 ते 1973 मधले, कोलकाता-बार्शीकडचे, निघाले आशियाई वंशाचे. साथीतला मात्र आफ्रिकी. खरी गंमत पुढेच! सोलापूर रस्त्यावरच्या यवतला 2000 साली डासांत सापडलेला विषाणूही आफ्रिकीच. म्हणजे पाहुणा पाच-सहा वर्षं आधीच घरात शिरलेला. हे नातं ओळखतात कसं? या विषाणूचा जीनोम, म्हणजे जनुकीय मजकूर, जेमतेम 12 हजार अक्षरांचा. नक्कल होताना त्यात चुका होतात, काही पुढच्या पिढ्यांत टिकतात. समान चुकांवरून गोतावळा जुळतो. 2007 मध्ये संपूर्ण जीनोम वाचून आफ्रिकी वंशाच्या निष्कर्षावर शिक्कामोर्तब झालं. जुन्या कुप्या कुणी फेकल्या नाहीत, हे आपलं नशीब!