पेशीपटलावरील प्रथिने आणि युबिक्विटिन लायगेज

‘डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी द्या’ ही मागणी आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत नित्य होते. २०२० च्या साथीनंतर तर ती मूळ तक्रारीच्याही आधी कानी येते. रुग्णाच्या मनात प्रतिकारशक्ती ही टाकीतील पाण्यासारखी कमी-अधिक होणारी वस्तू असते, आणि आमच्या लेखनातही हीच कल्पना डोकावत असते, हे मान्य करावयास हवे. प्रतिकारपेशींच्या पृष्ठभागावर प्रत्यक्षात काय चालते हे पाहिले म्हणजे ‘वाढवणे’ हे क्रियापद किती तोकडे आहे ते ध्यानी येते.

युबिक्विटिन हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. ते ज्या प्रथिनाला जोडले जाते, त्याचे पुढील भवितव्य बहुधा या जोडणीने ठरते. या मार्गाने होणाऱ्या प्रथिन-विघटनाच्या शोधाबद्दल आरोन चिखानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जोडणीचे काम तीन विकरे क्रमाने करतात. पहिले युबिक्विटिनला सक्रिय करते, दुसरे ते वाहून नेते आणि तिसरे, म्हणजे लायगेज, ते कोणाला जोडावयाचे याची निवड करते. मानवात पहिल्या प्रकारची विकरे दोन, दुसऱ्या प्रकारची सुमारे ४०, तर लायगेज ६०० हून अधिक आहेत. खरे कौशल्य निवडीत आहे, हे या आकड्यांवरूनच दिसते.

पेशीद्रवातील खूण झालेली प्रथिने बहुधा प्रोटिआसोममध्ये तोडली जातात. पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांची वाट निराळी. त्यांच्या आतील बाजूस असलेल्या शेपटीवर युबिक्विटिन बसते, पटलाचा तो भाग पेशीच्या आत ओढला जातो आणि प्रथिन लायसोझोममध्ये पोहोचून नष्ट होते.

याचे उत्तम उदाहरण डेन्ड्रिटिक पेशींत आढळते. या पेशी जंतूंचे तुकडे एमएचसी वर्ग २ या प्रथिनावर ठेवून टी-पेशींना दाखवतात. शांत अवस्थेत मार्च-१ नावाचे लायगेज या प्रथिनाच्या शेपटीतील लायसिनवर खूण करीत राहते, त्यामुळे ते पृष्ठभागावर फार काळ टिकत नाही. सीडी ८६ या सहायक प्रथिनाचीही हीच गत होते. जंतूची चाहूल लागून पेशी परिपक्व झाली की मार्च-१ चे प्रमाण घसरते आणि दोन्ही प्रथिने पृष्ठभागावर स्थिरावतात. उलट, दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० मोनोसाइट पेशींत मार्च-१ वाढवते. (संगणकाच्या तक्त्यांत हे नाव आपोआप १ मार्च ही तारीख बनत असे, म्हणून २०२० च्या सुमारास ते अधिकृतरीत्या बदलून मार्चएफ-१ असे करण्यात आले! आम्ही येथे जुनेच नाव ठेवले आहे.)

या कुळाची ओळख पटली ती विषाणूंमुळे. कापोसी सार्कोमाशी निगडित हर्पिस विषाणूची के-३ आणि के-५ ही प्रथिने संसर्गित पेशीवरील एमएचसी वर्ग १ याच रीतीने खाली उतरवून टी-पेशींना चुकवतात. त्यांची मानवी भावंडे शोधताना मार्च कुळ हाती लागले.

मग मार्च-१ काढून टाकले तर प्रतिकार बळावेल, असा तर्क कोणीही करील. उंदरांवरील प्रयोगांत मात्र निराळेच दिसले. मार्च-१ नसलेल्या डेन्ड्रिटिक पेशींच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग २ ची रेलचेल झाली, तरी त्या टी-पेशींना नीट चेतवू शकल्या नाहीत. थायमसमध्ये घडणाऱ्या नियामक टी-पेशींची संख्याही घटली. म्हणजे लढणारे दुर्बल आणि आवर घालणारेही कमी. पृष्ठभागावरील प्रथिन सतत उतरवले जाणे हाच पेशीच्या निरोगी कार्याचा भाग आहे, असा अर्थ आम्ही यातून घेतो.

टी-पेशींमध्ये सी-सीबीएल आणि सीबीएल-बी ही लायगेज असेच काम करतात. दोन्ही नसलेल्या पेशींना उत्तेजनानंतर आपले ग्राही पृष्ठभागावरून उतरवता येत नाहीत. एकट्या सीबीएल-बीच्या अभावीही उंदरांच्या टी-पेशी सीडी २८ च्या दुसऱ्या संकेताची वाट न पाहता चेतल्या आणि स्वतःच्याच ऊतींवर उलटल्या, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे या जनुकात जन्मतः दोष असलेल्या बालकांतही स्वयंप्रतिकार विकार आढळले. कर्करोगात हाच लगाम जाणूनबुजून सैल करण्यासाठी सीबीएल-बीरोधक औषधांच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या आहेत.

आपल्यापुढे बसणाऱ्यांत मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेला रुग्ण असतो, ल्युपसने त्रस्त स्त्रीही असते. पहिल्याच्या टी-पेशी आवरण्यासाठी टॅक्रोलिमस चालू असते, दुसरीच्या आधीच अनावर झालेल्या असतात. मागणी मात्र दोघांचीही तीच असते. म्हणून कोणतेही रसायनद्रव्य लिहिण्यापूर्वी प्रत्यारोपण, स्टेरॉइड आणि स्वयंप्रतिकार विकार या तीन गोष्टी आम्ही स्वतः विचारतो, कारण रुग्ण त्या आपणहून सांगेलच असे नाही, आणि पहिल्या दोहोंपैकी काहीही असल्यास त्याच्या मूळ चिकित्सकाशी बोलल्यावाचून लेखणी उचलत नाही.