वाचनालयाची वेबसाइट : भाग ६
आधी आवाज, मग व्हिडिओ

गेल्या आठवड्यात छायाचित्रांपाशी थांबलो होतो. आज आवाज आणि व्हिडिओ.

गावोगावच्या वाचनालयांत व्याख्यानमालांची ध्वनिमुद्रणं पडून आहेत. जुनी कॅसेटवर, मधली सीडीवर, अलीकडची कुणा कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये. ती वेबसाइटवर टाकायची म्हटलं की बैठकीत आधी व्हिडिओचंच नाव निघतं. माझा आग्रह आहे की सुरुवात आवाजापासून करा. तासाभराचं व्याख्यान ७२० पिक्सेलच्या व्हिडिओत, सेकंदाला दीड मेगाबिट धरले तरी, ६७५ एमबी होतं. तेच ६४ किलोबिटच्या मोनो एमपीथ्रीमध्ये २९ एमबीत बसतं, आणि बोलण्यासाठी तेवढा दर्जा पुरतो. डेटा पॅक जपून वापरणारा माणूस पहिल्या फाइलच्या वाटेला जाणार नाही. दुसरी तो एसटीत बसून, फोन खिशात ठेवून ऐकेल. कीर्तन असेल, दशावतार असेल, बुरुडाच्या हाताचं काम दाखवायचं असेल, तर व्हिडिओ हवाच. व्याख्यानाला तो बहुतेक वेळा लागत नाही.

कॅसेटवरचा आवाज संगणकात घ्यायला प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या माइक किंवा लाइन-इनला जाणारी वायर आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर एवढं पुरतं. मुद्रण झालं की वक्ता बोलत नाही, नुसती टेपची खरखर आहे, असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडा. ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन सॉफ्टवेअरला ती खरखर ओळखायला लावा आणि मग सगळ्या मुद्रणातून ती कमी करा. मात्र हात आखडता ठेवा. खरखर पूर्ण घालवायला गेलं की ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते आणि वक्त्याचा आवाज ओळखू येईनासा होतो. थोडी खरखर राहिली तर कान तिला सरावतात. मूळ मुद्रण वेव्ह फाइल म्हणून दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर जपा, वेबसाइटला फक्त एमपीथ्री द्या.

मूळ प्रत जपायला सांगतो, कारण माध्यमं बदलत राहतात. एकेकाळी वेबपानावर गाणं वाजवायचं तर फ्लॅश लागायचं. २०१४ मध्ये एचटीएमएल५ हे अधिकृत प्रमाण झालं, ऑडिओ आणि व्हिडिओ हे टॅग थेट भाषेतच आले आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. फ्लॅशवरच विसंबलेली पानं मुकी झाली. एमपीथ्रीचं तसं लवकर होणार नाही. ती सगळीकडे वाजते आणि तिच्यावरच्या पेटंटची मुदतही २०१७ मध्ये संपली आहे.

पानावर आवाज बसवायला एक ऑडिओ टॅग आणि त्यात फाइलचा पत्ता एवढंच लागतं. फक्त ‘कंट्रोल्स’ हा शब्द टॅगमध्ये विसरू नका, नाहीतर पानावर काहीच दिसत नाही आणि फाइल सापडली नाही असं वाटून माणूस तासभर पत्ता तपासत बसतो. एका पानावर वीस-पंचवीस व्याख्यानं असतील तर ‘प्रीलोड’ला ‘नन’ लिहा, म्हणजे प्ले दाबेपर्यंत ब्राउझर एकही फाइल खेचायला जाणार नाही.

आणि ‘ऑटोप्ले’ कधीच नको. पान उघडताच सनई सुरू होणारी वेबसाइट अनेकांना मंगल वाटते. पण दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या आवाजावर चालतो. त्या आवाजावर तुमची सनई चढली की थांबवायचं बटण कुठे आहे हेसुद्धा त्याला ऐकू येत नाही. ब्राउझरांनीही आता ते रोखलं आहे. क्रोमने २०१८ पासून आवाजासह आपोआप वाजणं अडवलं, सफारीने त्याच्याही आदल्या वर्षी.

आवाजाखाली मजकूर हवा. हे काम सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात मोलाचं. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे, तो मुद्दाम उघडून बघा. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या या ओव्या लाखाच्या वर आहेत. तिथे ओवी कानाने ऐकता येते, खाली तिचे शब्द वाचता येतात, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव कळतं. ऐकताना एखादा शब्द निसटला तर डोळे तो उचलतात. शिवाय गुगल आवाजाच्या फाइलपेक्षा मजकूर कितीतरी सहज शोधून देतो. तुमच्याकडे सबंध व्याख्यान उतरवून घ्यायला माणूस नसेल तर निदान दर दहा मिनिटांना विषय काय चालला आहे याच्या दोन ओळी आणि वेळ लिहा.

आता व्हिडिओ. एमपीफोर हे नाव डब्याचं आहे, आत भाजी कुठली ते नावावरून कळत नाही. आत एच२६४ चित्र आणि एएसी आवाज असेल तर ती फाइल जवळजवळ प्रत्येक फोनवर चालते. नवे आयफोन मात्र चित्र एचईव्हीसी पद्धतीने साठवतात आणि काही ब्राउझरांत ते दिसत नाही, नुसता आवाज येतो. असाच घोळ व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हॉइस मेसेजचा. तो ओपस प्रकारचा असतो, जुन्या आयफोनच्या ब्राउझरमध्ये वाजत नाही. म्हणून तो थेट न टाकता एमपीथ्री करून टाका. व्हिडिओसाठी हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर खूण करायला चुकू नका. एमपीफोरची अनुक्रमणिका अनेकदा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते आणि ती हाती आल्याशिवाय ब्राउझर चित्र दाखवू शकत नाही. ही खूण केली की ती पुढे येते आणि रेंज कमी असली तरी व्हिडिओ लवकर सुरू होतो.

मोठे व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून आपल्या पानावर त्याची चौकट लावावी, याला माझी हरकत नाही. ऐकणाऱ्याची रेंज बघून दर्जा कमी-जास्त करण्याचं काम यूट्यूब स्वतः करतं, ते आपल्या छोट्या सर्व्हरला झेपणारं नाही. मात्र आपली एकुलती प्रत तिथे ठेवू नये. मराठी सबटायटल स्वतः लिहिणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात.

राहिला हक्कांचा प्रश्न, आणि तो मागाहून बघू म्हणून चालत नाही. वाचनालयात रामनवमीला गीतरामायण गायलं गेलं, गायिका गावचीच, मुद्रण आपलंच. तरी ते वेबसाइटवर टाकण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाल २०६२ अखेरपर्यंत संरक्षित. गायिकेची परवानगी लागते ती वेगळीच. व्याख्यात्याचं भाषणही त्याचं स्वतःचं असतं. त्यामुळे यापुढे प्रत्येक वक्त्याकडून मानधनाच्या पावतीबरोबर चार ओळींचं संमतिपत्र घ्या : मुद्रण करू, वेबसाइटवर ठेवू, विकणार नाही. जुन्या मुद्रणांसाठी वक्त्याला किंवा त्यांच्या घरच्यांना पत्र लिहा. उत्तर येईपर्यंत पानावर वक्त्याचं नाव, विषय, तारीख आणि ‘हे ध्वनिमुद्रण वाचनालयात येऊन ऐकता येईल’ एवढं लिहून ठेवा.

(पुढील भाग : ग्रंथयादी ऑनलाइन शोधता यावी यासाठी)