लेखनप्रवाह, द्वितीय भाषेतील

मातृभाषेखेरीज नव्याने शिकलेल्या भाषेत, फारसे न अडखळता आणि आशयावर लक्ष ठेवून सलग लिहिण्याची क्षमता. शुद्धता व प्रवाह हे लेखनाचे दोन भिन्न गुण होत. शुद्ध परंतु तुटक लिहिणारा विद्यार्थी जसा आढळतो, तसाच चुका करीत पण ओघाने लिहिणाराही आढळतो. पूर्ण लेखनकौशल्यात दोन्ही गुण अभिप्रेत असले, तरी ते एकाच उपायाने साध्य होत नाहीत.

लिहिताना आशयाची जुळणी, शब्दांची निवड, व्याकरण आणि अक्षरलेखन ही कार्ये एकाच वेळी चालू असतात. माणसाची कार्यकारी स्मृती मर्यादित असते. नवशिक्याचे बहुतेक अवधान वेलांटी, उकार व प्रत्यय यांतच खर्च होते आणि विचाराचा धागा तुटतो. ही खालच्या पातळीवरील कार्ये सरावाने अंगवळणी पडली, की अवधान आशयाकडे वळविता येते.

केवळ श्रवण-वाचनाने हे साधत नाही. फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या कॅनडातील इंग्रजीभाषक मुलांचे आकलन फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोहोचले, तरी त्यांची भाषानिर्मिती व्याकरणदृष्ट्या मागे राहिली. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये भाषानिर्मितीचे महत्त्व प्रतिपादिले. लिहू लागल्यावरच आपल्याला काय येत नाही, हे विद्यार्थ्याला उमगते.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईच्या पूर्व उपनगरांतील मानखुर्दसारख्या बहुभाषिक वस्तीत या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. बृहन्मुंबई महानगरपालिका मराठीखेरीज हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू व कन्नड या माध्यमांच्या शाळा चालवीत आली आहे. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले. बाजारात व शेजारात सहज मराठी बोलणारे मूल साधा अर्ज लिहिताना मात्र अडते. राज्यकारभाराची भाषा मराठी असल्याने ज्याला ती लिहिता येत नाही, त्याला आपली तक्रार वा मागणी मांडण्यासाठी दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहावे लागते.

अडचणींचे स्वरूप मातृभाषेनुसार बदलते. हिंदी व उर्दूत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे ‘ते पुस्तक’ याऐवजी ‘ती पुस्तक’ असे लिहिले जाते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद हिंदीतील ‘हम’मध्ये नाही. हिंदीत ‘कवि’, ‘गुरु’ असे लिहितात, तर मराठीच्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात व तीत ऱ्हस्व स्वर सहसा दर्शवीत नाहीत. साहजिकच प्रत्येक मात्रा लिहिण्याची सवय नव्याने लावावी लागते.

अध्यापनपद्धती : प्रवाहासाठी विषय व शब्दसंग्रह परिचित असावा. रोज सुमारे दहा मिनिटे न थांबता व न खोडता लिहिणे आणि शब्दसंख्येची नोंद ठेवणे, एकच मजकूर कमी वेळात पुन्हा लिहिणे, वाचलेल्या उताऱ्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि शिक्षक-विद्यार्थी यांनी एका वहीत परस्परांना लेखी उत्तरे देणे, हे उपयुक्त सराव होत. अशा लेखनाच्या वेळी चुका मोजू नयेत. शुद्धलेखनाचा सराव वेगळ्या तासाला घ्यावा. व्याकरणदोषांच्या दुरुस्तीचा लाभ किती, याविषयी जॉन ट्रस्कॉट (१९९६) व डेना फेरिस (१९९९) यांच्यात मतभेद झाला. तथापि लाल शाईने भरलेल्या वहीमुळे विद्यार्थी चूक टाळण्यासाठी कमीत कमी लिहू लागण्याचा धोका असतो. उलट, दुरुस्ती कायमची टाळल्यास चुकीची रूपे रूढ होतात. म्हणून एका वेळी एकाच प्रकारच्या दोषाकडे लक्ष वेधणे इष्ट ठरते.

प्रौढ वयात आत्मसात केलेल्या भाषेतही विपुल लेखन शक्य असते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ⇨ *क्रिस्तपुराण* राचोल येथे १६१६ मध्ये मुद्रित झाले. आगमन व मुद्रण यांत ३७ वर्षांचे अंतर आहे. नव्या भाषेतील लेखनाला दीर्घ सहवासाची गरज असते, हे त्यावरून दिसते.