संगणकाचा प्रश्न बंद करण्याआधी

जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. अशा पुरात वही भिजते, म्हणून गटाचा हिशेब संगणकावरही ठेवावा, असं आम्ही सांगत आलो. पण संगणकातली फाईल पाणी न लागताही पुसली जाते. ती कशी, ते आज पाहू.

समजा, गटातल्या बायका उल्हासनगरहून जीन्स आणून धागे कापतात. कुणी किती नग केले, किती मजुरी बाकी, याची जूनची फाईल 'मजुरी' नावाने आहे. जुलैचा हिशेबही त्याच नावाने ठेवायला गेलं, तर एक्सेल विचारतं, "या नावाची फाईल आधीच आहे. ती बदलायची का?" 'नाही' म्हटलं की जूनची फाईल वाचते.

काही जणी हे काम मॅक्रोने, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या सूचनांनी करून घेतात. दरवेळी प्रश्न येऊन काम अडतं, म्हणून मॅक्रोत 'डिस्प्लेअलर्ट्स' फॉल्स करतात. मग प्रश्न येत नाही. पण एक्सेल गप्प बसलं म्हणजे थांबलं असं नाही. ते स्वतःच 'हो' धरतं आणि जूनच्या फाईलवर जुलैची लिहितं. जूनची फाईल कचरापेटीतही सापडत नाही. एखादीची मजुरी बाकी असेल, तर दाखवायला पुरावा उरत नाही.

मग प्रश्न कधीच बंद करू नये का? मूळ नोंदींवरून पुन्हा काढता येईल असा गोषवारा असेल, तर खुशाल करा. मूळ नोंदींच्या फाईलला मात्र हे लावू नका.

मॅक्रो करून देणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. एक, फाईलच्या नावात वर्ष-महिना घाला: 'मजुरी-२०२५-०७'. दोन, त्या नावाची फाईल आधीच असेल, तर मॅक्रोने थांबावं किंवा जुनीची प्रत बाजूला ठेवावी. तीन, फाईल ठेवून झाली की 'डिस्प्लेअलर्ट्स' लगेच ट्रू करावं; मध्येच चूक होऊन काम थांबलं तरीही.

आणि महिन्याअखेरी फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. तो पेनड्राइव्ह संगणकाजवळ नको, दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी ठेवा. पुढच्या बैठकीत जूनची फाईल उघडून बघा. ती जागेवर आहे ना, एवढी खात्री सगळ्यांसमोर करून घ्या.