धुण्याचा ढीग का साचतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात धुण्याचा ढीग साचतो तो वेळ नसल्यामुळे किंवा मशीन लहान पडल्यामुळे, असं बहुतेकांना वाटतं. दोन्ही कारणं तपासून पाहिली तर फारशी टिकत नाहीत. मशीन एकदा लावलं की साधारण तास-दीड तासात काम उरकतं आणि त्यात माणसाचे हात काही मिनिटंच गुंततात. खरा वेळ पुढे जातो. कपडे वाळायला उन्हाळ्यात काही तास लागतात, तर पावसाळ्यात दोन दिवसही पुरत नाहीत. त्यानंतर घड्या, इस्त्री आणि ज्याचे कपडे त्याच्या कप्प्यात ठेवणं उरतंच. म्हणजे आठवड्यात किती कपडे पुन्हा अंगावर घालण्याजोगे होतील, हे मशीनपेक्षा वाळत घालायची दोरी आणि घड्या घालणारे हात ठरवतात. एवढं ध्यानात घेतलं, तर धुण्याबद्दलचे बरेच रूढ समज का चुकतात तेही कळतं.

गैरसमज : आठवड्याचं धुणं रविवारी एकदम काढलं की वेळ वाचतो. मशीन लावण्याच्या खेपा तेवढ्याच राहतात, फक्त त्या एका दिवसावर येऊन पडतात. दोरी मात्र तेवढीच असते. मग कपडे एकावर एक, खेटून वाळत पडतात, त्यांच्यातून हवा खेळत नाही आणि ते दमट राहतात. पावसाळ्यात कपड्यांना येणारा कुबट वास बहुतेकदा यातूनच येतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये या वासाचं मुख्य कारण म्हणून ‘मोराक्सेला’ नावाच्या जिवाणूकडे बोट दाखवलं. धुतल्यानंतरही कापडात तग धरून राहणारा हा जिवाणू ओलाव्यात वाढतो. शिवाय घामाचे कपडे टोपलीत सहा दिवस पडून राहिले, की त्यातला तेलकट अंश कापडात मुरतो, कॉलर पिवळी पडते आणि तोच सदरा मग घासत बसावं लागतं. म्हणून चार माणसांच्या घरात रोज किंवा एक दिवसाआड एकदाच मशीन लावावं आणि आधीचे कपडे उतरवून, घड्या होऊन जागेवर गेल्याशिवाय पुढचं लावू नये. नियम एवढाच आहे, पण दोरीला झेपेल तेवढंच धुणं निघत असल्यामुळे तो टिकतो.

यावर पाण्याचा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा महाराष्ट्रात ‘रोज मशीन लावा’ असं सरसकट सांगता येत नाही. पण इथे अर्धं रिकामं मशीन फिरवायला कुणी सांगत नाही. ड्रममध्ये वर वीतभर जागा सोडून मशीन भरावं आणि तेवढे कपडे जमले नसतील तर एक दिवस थांबावं. एकट्या माणसाला आठवड्यातले दोन ठरावीक वार पुरतात. जिथे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तिथे वेळापत्रक पाण्याच्या दिवसाला बांधावं, आतले कपडे अंघोळीच्या वेळीच हाताने धुऊन टाकावेत आणि घामाचे कपडे टोपलीत कोंबण्याआधी मोकळ्या हवेत सुकवावेत. वार कोणते, हे महत्त्वाचं नाही. ते ठरलेले असणं महत्त्वाचं आहे.

गैरसमज : ऊन नसेल तर कपडे वाळत नाहीत. उन्हाने वाळणं लवकर होतं आणि त्यातल्या अतिनील किरणांनी जंतूही मरतात, हे खरं. पण पाण्याची वाफ होण्यासाठी हवा कोरडी आणि वाहती असावी लागते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यातली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, म्हणून बंद खोलीत दाटीने घातलेले कपडे ओलेच राहतात. मशीनमध्ये एकदा जादा पिळून घेतले, दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर ठेवलं आणि पंखा थेट त्यांच्यावर सोडला, तर वाळण्याचा वेळ चांगलाच घटतो. त्या दिवसांत जाड चादरी आणि जीन्स एकाच वेळी धुवायला काढू नयेत.

गैरसमज : पावडर जास्त, फेस जास्त, पाणी कडकडीत, म्हणजे कपडे स्वच्छ. मळ काढण्याचं काम डिटर्जंटमधली रसायनं करतात, फेस नव्हे. फ्रंट-लोड मशीनमध्ये तर जादा फेसामुळे कपडे एकमेकांवर नीट आपटत नाहीत आणि पावडरचा अंश कापडात उरतो. मग ते पुन्हा खळबळावे लागतात, म्हणजे वेळ आणि पाणी दोन्ही जातं. अनेक पावडरींमध्ये डाग फोडणारी विकरं असतात. ती कोमट पाण्यात उत्तम काम करतात, उकळत्या पाण्यात निकामी होतात. रक्ताचा किंवा दुधाचा डाग गरम पाण्याने उलट पक्का बसतो, त्याला थंड पाणीच हवं. आजारी माणसाचे कपडे आणि अंथरुणं ६० अंशांवर धुणं योग्य, पण रोजच्या धुण्याला त्याची गरज नाही. कपडे रात्रभर भिजत घालण्याचीही गरज नाही. अर्धा तास पुरतो, त्यापुढे रंग उतरण्याचीच भीती अधिक.

गैरसमज : एकदा अंगावर घातलेलं ते धुण्यातच गेलं पाहिजे. आपल्या घामट हवेत आतले कपडे, मोजे, शाळेचा गणवेश रोज धुवायलाच हवेत. पण तासभर घातलेली साडी, ऑफिसची पँट किंवा जीन्स हवेशीर टांगून पुन्हा वापरता येते. कृत्रिम धाग्याच्या कपड्यांतून प्रत्येक धुण्यात सूक्ष्म तंतू सुटून पाण्यात मिसळतात, हेही ध्यानात ठेवावं. विनाकारण धुणं टळलं तर कापडाचं आयुष्य वाढतं आणि दोरीवरची दाटीही कमी होते.

शेवटचा गैरसमज सगळ्यात जुना आहे : धुणं हे घरातल्या बाईचं काम. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. मशीन घरात आलं म्हणून वाळत घालणं, उतरवणं आणि घड्या घालणं कमी झालेलं नाही, आणि ढीग तर तिथेच अडतो. ‘तिला सवय आहे, ती पटकन करते’ हे म्हणणं पटण्याजोगं नाही. घड्या घालणं दहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं. तेव्हा नवं, मोठं मशीन घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून वार ठरवावेत, दोरी कुणी रिकामी करायची ते ठरवावं आणि आपापल्या कपड्यांच्या घड्या प्रत्येकाने आपणच घालाव्यात.