दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग



आजचा विषय खरं तर एखाद्या सर्जनने मांडावा असा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. सुरी हातात धरली ती फार तर आंबा कापायला. पण अलीकडे ओळखीच्या घरांतून एक प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. "सर, बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात दुर्बिणीनं करू. एवढ्याशा छिद्रातून सगळा कॅन्सर निघतो का हो?" हा प्रश्न भाबडा नाही. वैद्यकशास्त्रालाही त्याचं उत्तर मिळायला दहाबारा वर्षं लागली. ते उत्तर कसं मिळालं, हे आज पाहू.

सुरुवात आपल्या जिल्ह्याला जवळच्या माणसापासून करू. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. अपेंडिक्सचा त्रास बळावला, म्हणून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारं लहानसं शेपूट. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ होतं, मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. रुग्णालयांवर आणि डॉक्टरांवर 'हिंद स्वराज्य'मध्ये सडकून टीका करणारा हा माणूस. पण वेळ आली तेव्हा त्याने नीट समजून घेतलं आणि संमती दिली. पुढे १९३६ मध्ये ते आपल्या सेगावला राहायला आले. तेच आजचं सेवाग्राम, जिथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय उभं आहे.

ही गोष्ट सांगितली ती उजेडासाठी. पोटाच्या शस्त्रक्रियेची जुनी अडचण हीच होती: आत दिसायला हवं, आणि हात जायला हवा. म्हणून चीर मोठी. दुर्बिणीच्या पद्धतीत उजेडच पोटात जातो. बेंबीजवळ साधारण एक सेंटीमीटरचं छिद्र करतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात. हाच वायू का? तर तो पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. मग कॅमेरा आत जातो, आणखी तीनचार छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारं जातात. सर्जन पडद्याकडे बघून काम करतो. आपल्याकडे ही वाट रुळवली ती मुंबईच्या डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी या पद्धतीने पित्ताशय काढलं.

पित्ताशय ठीक आहे. खडे भरलेली ती एक पिशवी. निघाली की काम झालं. कर्करोगाचं तसं नसतं. आतड्यातली गाठ कधी एकटी काढत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंचं काही आतडं, त्या भागाला रक्त देणारी वाहिनी तिच्या मुळाशी बांधून, आणि त्या वाहिनीच्या कडेने असलेल्या लसिकाग्रंथी, असा सगळा पदर अखंड काढावा लागतो. कारण रोग पसरतो तो बहुधा याच ग्रंथींच्या वाटेने. काढलेल्या तुकड्यात निदान १२ ग्रंथी तपासायला मिळाव्यात, असा दंडक आहे. कमी मिळाल्या तर रोग किती पसरला होता हे खात्रीने सांगता येत नाही, आणि नंतर केमोथेरपी द्यायची की नाही हा निर्णयही अडखळतो.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: छिद्रं लहान असली तरी शस्त्रक्रिया लहान नसते. पोटाच्या आत जे व्हायला हवं ते तेवढंच आणि तसंच व्हायला हवं. शेवटी तो तुकडा बाहेर काढायला पाच-सहा सेंटीमीटरची चीर द्यावीच लागते. साधन बदललं, साध्य तेच राहिलं.

आता शंकेकडे येऊ. १९९० नंतर काही सर्जनांनी आतड्याचा कर्करोग दुर्बिणीने काढायला सुरुवात केली आणि लवकरच भीतीदायक बातम्या आल्या. छिद्रांच्याच जागी कर्करोग पुन्हा उगवला! १९९४ च्या एका अहवालात तर १४ पैकी ३ रुग्णांत असं झालं होतं. आपल्या लोकांच्या मनात "छिद्रातून कॅन्सर पसरतो" ही जी धास्ती आहे, ती अशी अगदीच निराधार नव्हती.

मग शास्त्राने काय केलं? वाद घातला नाही, मोजणी केली. अमेरिका-कॅनडातल्या ४८ संस्थांत ८७२ रुग्ण घेतले. कोणाची शस्त्रक्रिया उघडी आणि कोणाची दुर्बिणीने, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. निष्कर्ष २००४ मध्ये आले. तीन वर्षांत रोग परतल्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, उघड्या गटात १८ टक्के. जगण्याचं प्रमाण ८६ आणि ८५ टक्के. म्हणजे दोन्ही सारखेच. छिद्रांच्या जागी रोग उगवणंही नगण्य निघालं. रुग्णालयातला मुक्काम सहाऐवजी पाच दिवस आणि वेदनाशामक औषधं कमी, हा फायदा.

पण याच अभ्यासातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक, भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्जनने अशा निदान २० शस्त्रक्रिया आधी केलेल्या असणं आणि एकीचं न कापलेलं चित्रीकरण तपासायला देणं बंधनकारक होतं. दोन, दुर्बिणीने सुरू केलेल्या सुमारे २१ टक्के शस्त्रक्रिया मध्येच उघड्या कराव्या लागल्या. घरचे लोक याला "ऑपरेशन फसलं" म्हणतात. बरं का, ते फसणं नसतं. आत नीट दिसत नसेल तर पोट उघडणं हाच शहाणपणा.

गुदाशयाची, म्हणजे शेवटच्या साधारण १५ सेंटीमीटरची, गोष्ट थोडी वेगळी. तिथे जागा अरुंद, कटीच्या हाडांच्या पेटीत. २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दोन्ही पद्धतींत रोग त्याच जागी परतण्याचं प्रमाण ५ टक्के, असं सारखंच आलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या दोन अभ्यासांना मात्र दुर्बीण उघड्या पद्धतीइतकी चांगली असल्याचं सिद्ध करता आलं नाही. तेव्हा गुदाशयाच्या बाबतीत सर्जनचा हात किती बसलेला आहे, याला फार महत्त्व.

हे सगळं आपल्याला कशासाठी? देवळी, हिंगणघाट, आर्वीकडचा शेतकरी किंवा मजूर मोठी चीर घेऊन घरी आला की महिनोन्महिने वजन उचलू शकत नाही. उचललं तर जखमेतून हर्निया होण्याची भीती. ऐन कापूस वेचणीत घरातला एक माणूस बसून राहणं काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. लहान जखमेचं मोल तिथे आहे, पोटावर व्रण दिसत नाही यात नाही.

परंतु याहून मोठी अडचण दवाखान्याच्या अलीकडची आहे. शौचातून रक्त जातं, आणि आपण स्वतःच निदान करतो: मूळव्याध. लाज वाटते, म्हणून बायकोलाही सांगत नाही. शौचाची सवय काही आठवडे बदललेली, विनाकारण वजन उतरलेलं, रक्त कमी होऊन दम लागतोय. तरी चूर्ण चालू. आतड्यातला साधा कोंब कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं घेतो. इतका अवधी निसर्ग देतो, आणि आपण तो संकोचात घालवतो. गाठ फार वाढून शेजारच्या अवयवांना चिकटली की दुर्बिणीचा पर्याय पुष्कळदा उरतच नाही. रक्त दिसलं की डॉक्टरांकडून बोटाने तपासणी आणि गरज असेल तर कोलोनोस्कोपी करून घ्या. मूळव्याध निघाली तर आनंदच आहे.

आणि शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला चार प्रश्न विचारा. अशा किती केल्यात? मध्येच पोट उघडावं लागलं तर? पोटावर शौचाची पिशवी लागेल का, कायमची की तात्पुरती? आणि नंतर, तपासणीत किती ग्रंथी मिळाल्या? खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. चांगल्या डॉक्टरला ते आवडतात. "डॉक्टरसाहेब, तुम्हाला वाटेल ते करा" असं म्हणून कागदावर अंगठा देणं याला आम्ही संमती म्हणत नाही. समजून दिलेला होकार, तीच संमती.

आमचं बोलणं इथे थांबवतो. सभागृहात डॉक्टर मंडळी बसली आहेत; ज्यांना काही विचारायचं आहे त्यांनी संकोच न करता विचारावं. संकोचावरच तर आज एवढं बोललो.