एक कोटीची 'छोटी' गाडी : बीएमडब्ल्यू एम टू वरून कारवेड्यांमध्ये नेमका वाद काय आहे?

आठवडाभर शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तंगलेला डोंबिवलीकर रविवारी पहाटे पाचला घराबाहेर पडतो, कल्याण ओलांडतो, शहाडचा पूल पार करतो आणि मुरबाडमार्गे माळशेज घाट गाठतो. ठाणेकर असेल तर तो नाशिक हायवेने कसाऱ्याकडे निघतो. तिथे चहा आणि वडापाव, आणि ऊन चढायच्या आत घरी परत. घरच्यांना हा प्रकार कधीच कळत नाही, कारण वडापाव कोपऱ्यावरही मिळतो.

पण गाडी चालवण्यातच ज्याला मजा येते, त्याच्यासाठी ते दोन तास आठवडाभराची भरपाई असते. आणि अशी चार माणसं एकत्र आली की गेल्या काही वर्षांत एका गाडीवरून हमखास भांडण लागतं. ती गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची एम टू.

आधी गाडी काय आहे ते बघू. कूपे म्हणजे दोन दारांची, मागच्या बाजूला छप्पर उतरत जाणारी गाडी. मागे सीट असते, पण ती नावापुरती. मोठ्या माणसाला तिथे बसवून कल्याणहून दादरला नेलं, तर तो परतीचा प्रवास लोकलने करेल. एम टू ही बीएमडब्ल्यूची सगळ्यात लहान एम कूपे. सध्याची पिढी भारतात मे २०२३ मध्ये ९८ लाखांना आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुधारित गाडी आली तेव्हा किंमत झाली १ कोटी ३ लाख, तीही एक्स-शोरूम. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, ४८० हॉर्सपॉवर, शून्यापासून १०० किमीचा वेग चार सेकंदांत. ताकद सगळी मागच्या चाकांना.

एवढं सगळं असताना तक्रार कसली? तर तक्रार वजनाची आहे.

बीएमडब्ल्यूच्या छोट्या, चपळ गाड्यांचा इतिहास सांगताना जुने शौकीन १९७३ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी कंपनीने २००२ टर्बो ही गाडी आणली. १७० हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या थोडं वर. तिच्या पुढच्या स्पॉयलरवर 'टर्बो' हा शब्द उलट्या अक्षरांत लिहिलेला होता, आपल्याकडे अॅम्ब्युलन्सवर असतो तसा. पुढच्या ड्रायव्हरने आरशात बघावं, वाचावं आणि बाजूला व्हावं, हा हेतू. जर्मनीत त्यावरून चांगलाच गदारोळ झाला. त्यात त्याच वर्षी तेलसंकट आलं आणि अवघ्या १६७२ गाड्या बनवून विषय संपला. पण लहान गाडी, मोठं इंजिन आणि थोडा आगाऊपणा, ही व्याख्या तेव्हापासून पक्की झाली.

पहिली एम टू २०१५ च्या शेवटी जगासमोर आली तेव्हा शौकिनांना त्याच जुन्या गाडीची आठवण झाली. ३७० हॉर्सपॉवर आणि मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीचं वजन सुमारे १४९५ किलो. नव्या पिढीचं वजन १७०० किलोच्या पुढे गेलं. सोप्या भाषेत सांगायचं तर सध्याची एम टू म्हणजे वजनाने जवळपास दोन मारुती स्विफ्ट.

हे वजन आलं कुठून? नवी एम टू बरीचशी तिच्या मोठ्या भावंडांच्या, म्हणजे एम थ्री आणि एम फोरच्या सांगाड्यावर आणि सुट्या भागांवर उभी आहे. इंजिन तेच, फक्त ताकद थोडी कमी केलेली. कंपनीचा खर्च त्यामुळे आटोक्यात राहतो आणि गाडी भक्कम होते, पण मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला घातले की जे होतं तेही होतं. त्यात सुरक्षेचे कडक झालेले नियम, मोठी चाकं, मोठे स्क्रीन आणि सेन्सर आले. आता गाडीची लांबी ४.५८ मीटर आहे.

वजनावर नाराज असलेल्यांचं म्हणणं समजायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. एकट्याने स्कूटर चालवा आणि मग मागे कुणाला तरी बसवून चालवा. वेग तोच ठेवला तरी ब्रेक लवकर दाबावा लागतो आणि वळणावर गाडी जड लागते. कारचंही तसंच. इंजिनची ताकद वाढवली की सरळ रस्त्यावर फरक पडतो. वजन कमी केलं की ब्रेक, टायर, सस्पेन्शन या सगळ्यांचं काम हलकं होतं आणि ड्रायव्हरला हातात काहीतरी जिवंत असल्यासारखं वाटतं. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी तर आख्खी कंपनी याच विचारावर उभी केली.

दुसऱ्या गटाचं उत्तर आकड्यांतून येतं. पहिल्या एम टूमध्ये प्रत्येक टन वजनामागे साधारण २४७ हॉर्सपॉवर होत्या. आजच्या गाडीत त्या २७७ च्या आसपास आहेत. म्हणजे वजन वाढलं तरी ताकद त्याहून जास्त वाढली. गाडी जुन्या एम टूपेक्षा वेगवान आहे, स्थिर आहे, सांगाडा जास्त घट्ट आहे. मग रडायचं कशाला?

दोघांचंही बरोबर आहे, आणि भांडण मिटत नाही ते त्यामुळेच. एक गट स्टॉपवॉच बघतोय, दुसरा स्टिअरिंगवरचे हात. स्टॉपवॉचवर नवी गाडी जिंकते यात वाद नाही. पण माळशेजच्या वळणांवर कुणी स्टॉपवॉच घेऊन जात नाही (आणि जाऊही नये). तिथे पन्नास-साठच्या वेगातही मजा देणारी गाडी लागते. चार सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीला असल्या रस्त्यावर जांभया येतात. जुन्या गटाचा मुद्दा इथे जड वाटतो.

दिसण्यावरूनही वाद आहेच. पुढचा चौकोनी चेहरा अनेकांना आवडलेला नाही. पण तो वाद सोडून देऊ, कारण बीएमडब्ल्यूच्या प्रत्येक नव्या गाडीवर तो होतो आणि दहा वर्षांनी तेच लोक तिला क्लासिक म्हणतात.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही गट एकत्र येतात. एम टू भारतात सहा गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबरही मिळते. या किमतीत क्लच दाबून, हाताने गिअर टाकायची सोय देणारी गाडी आता दुर्मीळ झाली आहे. गंमत म्हणजे ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअलपेक्षा सुमारे ०.२ सेकंदांनी वेगवान आहे. तरी शौकिनांना मॅन्युअलच हवी. कल्याण-शीळ रस्त्यावर तासभर क्लच दाबून ज्याच्या डाव्या पायात गोळे आलेत, त्याला हे वेड समजावून सांगणं अवघड आहे.

आता हा वाद ठाणे-डोंबिवलीत आला की त्याला वेगळंच वळण लागतं. घोडबंदर रोड असो की शीळ रस्ता, मेट्रोची कामं, डायव्हर्जन, अर्धवट काँक्रीट आणि मनाला येईल तिथे घातलेले स्पीडब्रेकर. जमिनीलगत बसलेल्या गाडीचं पोट तिथे कुठे आणि कधी घासेल ते सांगता येत नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत आला हे खरं, पण तिथे कारला वेगमर्यादा १२० ची. एवढा वेग एम टूचा तिसरा गिअर सहज देतो. गाडी मोकळी सोडायची तर खरी जागा रेसट्रॅक, आणि देशातले मोठे ट्रॅक चेन्नई, कोइंबतूर आणि ग्रेटर नोएडात.

त्यात पैशांचं गणित. जर्मन म्हणून ओळखली जाणारी ही गाडी बनते मेक्सिकोतल्या सान लुईस पोटोसीमध्ये, आणि भारतात तयारच येते. अशा महागड्या तयार गाड्यांवर आपल्याकडे आयात करांचा एकूण बोजा सुमारे ११० टक्के राहिला आहे. त्यावर जीएसटी. मग महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ कोटी ३ लाखांच्या गाडीवर १३ लाखांहून जास्त. फक्त आरटीओत भरायच्या रकमेत वरच्या मॉडेलची स्विफ्ट दारात उभी राहते. मग इथल्या शौकिनाचा प्रश्न बदलतो. गाडी जड झाली की नाही हा वाद ज्याच्या खिशाला परवडतो त्याचा. बाकीच्यांचा प्रश्न साधा आहे : खरंच छोटी, खरंच मजेदार आणि आपल्याला परवडेल अशी कूपे आपल्याकडे का नाही?

इथे 'छोटी' या शब्दाची सरकारी व्याख्या मध्ये येते. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचा उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणला गेला. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. या एका ओळीने भारतातल्या गाड्यांचा आकार ठरवला. कंपन्यांनी सेडानच्या डिक्क्या कापल्या, एसयूव्ही आखूड केल्या. जीएसटीतही हीच मर्यादा टिकली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या गाड्यांवर १८ टक्के, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. या नियमाप्रमाणे ४.५८ मीटरची 'कॉम्पॅक्ट' एम टू आपल्याकडे चक्क मोठी गाडी ठरते.

पण या मापात बसणारी कूपे एकदा आपल्याच माणसांनी दाखवली होती. मार्च २०१७, जिनिव्हा मोटर शो. टाटा मोटर्सने रेसमो नावाची दोन सीटची कूपे तिथे आणली. लांबी ३८३५ मिलीमीटर, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन ड्रायव्हरच्या मागे बसवलेलं, ताकद १९० पीएस, आणि १०० चा वेग सहा सेकंदांच्या आत गाठेल असा दावा. म्हणजे गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिनही लहान गाडीच्या मर्यादेतलं. फोर्झा होरायझन ३ या व्हिडीओ गेममध्ये ती आणण्याची घोषणाही झाली. देशभरातल्या शौकिनांना वाटलं, आता आपली गाडी आली. पण कंपनी तेव्हा आर्थिक ओढाताणीत होती, पैसा रोजच्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांकडे वळवणं भाग होतं, आणि रेसमो बासनात गेली. रस्त्यावर ती आलीच नाही.

त्याआधी १९९८ मध्ये गोव्याच्या सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म ही फायबरची दोन सीटर आणली होती. रेनॉचं १.२ लिटर इंजिन, ६० हॉर्सपॉवर. दिसायला स्पोर्ट्स कार, पळायला साधारण. ती हातावर मोजण्याइतक्याच लोकांनी घेतली.

आणि खुद्द कल्याण-डोंबिवलीचा या गोष्टीशी असलेला संबंध तर आता अनेकांच्या लक्षातही नाही. नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या इथल्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनत होती. युरोपात या गाडीच्या जीटीआय मॉडेलवर शौकीन आजही जीव टाकतात. आपल्याकडे मात्र १.४ लिटर पेट्रोल आणि १.५ लिटर डिझेल ही साधी इंजिनं आली. खड्ड्यांवरून अलगद जाणारं सस्पेन्शन ही तिची ख्याती. पुढे कामगारांचे वाद, डीलरांची कमकुवत साखळी आणि भागीदारीतली कुरबुर यांत प्यूजोने १९९७ मध्ये गाशा गुंडाळला. जीटीआय हा शब्द कल्याणच्या गेटबाहेर पडणाऱ्या गाडीवर कधी चिकटलाच नाही.

मग आज माळशेजला जाणारी मंडळी चालवतात काय? एम टू एखादीच. शक्य असलेले फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी किंवा ह्युंदाईची आय ट्वेंटी एन लाइन घेतात. मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली, तेव्हा पहिल्या दीडशे गाड्या बघता बघता बुक झाल्या. म्हणजे गिऱ्हाईक आहे, फक्त त्याच्या खिशाला बसेल अशी गाडी कुणी बनवत नाही. आणि ज्याच्याकडे सात-आठ लाखच आहेत, तो जुन्या बाजारात चाकणच्या कारखान्यात बनलेली, २०२२ मध्ये बंद झालेली फोक्सवॅगन पोलो टर्बो शोधत फिरतो. चार दारं, बऱ्यापैकी डिक्की, लांबी ३.९७ मीटर, म्हणजे सरकारी हिशेबातही छोटी. घरच्यांना ती फॅमिली कार म्हणून दाखवता येते, आणि रविवारी पहाटे पाचला ती कशासाठी घेतली होती हे फक्त घेणाऱ्यालाच माहीत असतं.